काळ्या शाईखालची वाक्यं

तीर्थरूप बाबा,

रागातला नमस्कार.

"परदेशात शिकायला चालली आहेस, राजकारणात नाक खुपसू नकोस," असं बजावलं होतंत. खुपसलं. सरकारी परीक्षक म्हणून तुम्ही ज्या नाटकावर काळी शाई फिरवलीत, तेच काल इथल्या आपल्या लोकांनी केलं. त्याचा लेखक तुरुंगात गेला, तो परतलाच नाही. उरली फक्त तुम्ही खोडलेली प्रत. म्हणून जिथे शाई, तिथे नट नुसते गप्प उभे राहत होते.

तिसऱ्यांदा ते गप्प झाले आणि मला राहवेना. प्रेक्षकांतून उठून मी ओरडले, "साहेब, तुमची खुर्ची उबदार राहावी म्हणून आमची घरं किती दिवस जाळायची?"

मग विंगेतून म्हातारी दिग्दर्शिका धावत आली. "पोरी, हे तुला कुठून माहीत?"

तिला सांगून टाकलं: माझे बाबा ही वाक्यं जेवताना आईला ठसक्यात वाचून दाखवायचे, "काय लिहितो लेकाचा!" म्हणत मांडीवर थाप मारायचे आणि मग हात धुऊन खोडायला बसायचे.

आता प्रत्येक प्रयोगात ती वाक्यं मी बोलणार आहे. तुमच्या ऑफिसात कळेल? कळू दे.

हे पत्र मात्र टाकणार नाही. टाकलं तर काय होईल ते मला ठाऊक आहे. आधी आईला मोठ्याने वाचून दाखवाल, "काय लिहिते लेकाची!" म्हणाल आणि मग हात धुऊन खोडायला बसाल.

तुमच्याच तोंडून सगळं पाठ झालेली,
तुमची लेक