आत्या नाव ठेवणार न्हाई म्हणते

आष्टा, मंगळवार, सन १९४७

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहिते. सुनेची पोर उद्या बारा दिवसांची होईल. हात उबदार, पाय गार. सुईणीनं तेल चोळलं, मी गरम फडकी बांधली, तरी पाय गारच. सकाळी सांगलीच्या डॉक्टरला दाखवली. त्यानं जांघेत बोट धरून बघितलं, नाडी लागंना. म्हणाला, "काळजातून निघणारी मोठी रक्ताची नळी वाटेतच चिमटलेली आहे. खाली रक्त पोचत नाही. पोटातूनच असं येतं, फार क्वचित. आईचा काही दोष नाही. पण इलाजही नाही."

घरी आले तर माझी लेक काशी, लोणंदहून बारशाला आलेली, सुनेच्या तोंडावर म्हणते, "वैनीनं ग्रहणात कायतरी चिरलं आसंल."

मी म्हटलं, "ग्रहणात ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली हुती. मी काय आंधळी हुते व्हय गं?"

तर म्हणते, "जगायची न्हाई तिचं बारसं कशाला? मी न्हाई नाव ठेवणार."

आत्या हाय ही. मानाचं लुगडं घ्यायला तेवढी पुढं. सून भिंतीकडं तोंड करून पडलीय, रडतबी न्हाई. माझी नात काय बिननावाची पुरायची? का म्हणून?

उद्या पाळणा बांधणार. नाव मीच कानात सांगणार. गावाला काय बोलायचं ते बोलू दे. आत्ता परत पाय चाचपले, गारच. मग कान चाचपले. कान चांगले गरम हायेत.