पहिला हात वाळेपर्यंत

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार, आणि वयानं मोठा आहे म्हणून सोबत थोडे आशीर्वादही. तुमची पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांची पाठ का दुखते हे मला कधी कळलं नाही, पण दुखते म्हणता म्हणजे दुखत असणार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या ताईचा खुबा सुधारतो आहे. काठी घेऊन ती स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथून मला कामं सांगते, यावरून तब्येतीचा अंदाज करावा.

तुम्ही पाठवलेला प्रोसेसर मिळाला. त्याची पोच द्यायला उशीर झाला, त्याची हकिगत सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच हसायला लागता आणि माझा धागा तुटतो. पत्रात तुम्हाला काय हसायचं ते हसा, मला ऐकू येत नाही.

तुम्ही शहर सोडताना तुमचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे टाकून गेलात, तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला बरंच काही बोललो होतो (ते आज परत घेतो). उगाच जागा अडवणारं धूड, असं माझं मत होतं. पण ऑपरेशननंतर ताईचं गाडी चालवणं बंद झालं. इतकी वर्षं डेअरीची व्हॅन चालवलेली बाई खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायला लागली, आणि बोलणं तर इतकं कमी झालं की घरात मीच एकटा राहतो असं वाटायला लागलं. मग तुम्ही तिला तो ट्रक चालवायचा खेळ लावून दिलात. दर रविवारी दुपारी तुम्ही तिकडून, ती इकडून, दोघांचे ट्रक एकामागे एक. एवढ्या एका दुपारी ती मोठ्यानं हसायची. (या वयात ट्रक-ट्रक काय खेळायचं, असं मी म्हणायचो. म्हणायचो एवढंच.)

मग खेळाची नवी आवृत्ती आली आणि आपल्या म्हाताऱ्या यंत्राला धाप लागली. तुमचा ट्रक घाट उतरून पलीकडे गेला तरी ताईचा पहिल्याच वळणावर गोठलेला. ती दोन-तीन रविवार झटली आणि मग कानावरचे हेडफोन काढून तुम्हाला म्हणाली, "तू जा पुढे, माझं राहू दे." तुम्हाला ते ऐकू आलं असेल. तिचा चेहरा मात्र मला दिसत होता. म्हणून मी तुम्हाला तो फोन केला, आणि तुम्ही एका शब्दानंही न विचारता प्रोसेसर धाडून दिलात. कॉम्प्युटरच्या त्याच बोर्डात बसेल असा, आधीच्यापेक्षा कितीतरी दांडगा.

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. बोर्डाला नव्या प्रोसेसरची आगाऊ ओळख करून द्यावी लागते, ते काम ताईनं तुम्हाला विचारून बसल्या जागी उरकलं. उरली ती फक्त हमाली, असं मी समजलो. डबा उघडला तर आत एवढी धूळ की घर सोडून गेलेलं बिऱ्हाड बरं. ती मी माझ्या दोन इंची ब्रशनं झाडली (नवा ब्रश, रंगाचा थेंब न लागलेला, एवढं मला कळतं). मग पंखा ओढला, तर त्याच्या बुडाला चिकटून जुना प्रोसेसरही उपटून बाहेर आला. ताईनं फक्त "अगंबाई" म्हटलं आणि पाण्याचा ग्लास माझ्यापासून लांब ठेवला. नवा मात्र जागेवर अलगद बसला. तिथंच थांबलो असतो तर हे पत्र एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

पण तुम्ही पार्सलमध्ये ती करड्या पेस्टची ट्यूब घातली होतीत. प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये लावायची, असं तुम्ही सांगितलं होतंत. मी ट्यूब दाबून बोटावर घेतली, चोळली, वास घेतला, आणि मेहुणेबुवा, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ही तर पुट्टी! आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या त्या माणसाला पुट्टी कशी लावायची हे सांगायची गरज नाही, म्हणून तुम्ही अधिक काही लिहिलं नसेल असं मी धरून चाललो. नव्या पत्र्यावर पुट्टी धरत नाही, म्हणून प्रोसेसर पुन्हा काढला आणि अगदी बारीक पॉलिश पेपरनं त्याची पाठ हलकेच घासली. त्यावरची अक्षरं गेली, पण पृष्ठभाग काय सुरेख झाला म्हणून सांगू. मग पुट्टी ओढायच्या माझ्या छोट्या पात्यानं पहिला हात ओढला. कड ना कड सारखी. ताईलासुद्धा दाखवला, तिनंही मान डोलावली (तिला पुट्टीतलं काय कळतं, पण डोलावली). आणि मग, कुठलाही जातिवंत पेंटर जे करेल तेच केलं. वाळत ठेवला.

खिडकीशी वर्तमानपत्र अंथरून त्यावर प्रोसेसर ठेवला, शेजारी माझी नेहमीची पाटी: 'ओला रंग. हात लावू नये.' संध्याकाळी बोट टेकवून पाहिलं, ओला. सकाळी पाहिलं, ओला. म्हटलं हवेत दमटपणा असेल. टेबलफॅन लावला. रविवार आला, तुमचा फोन आला, आणि मी तुम्हाला "पहिला हात वाळतोय" म्हणालो. तुम्हाला वाटलं मी कुठल्या तरी भिंतीचं काम घेतलंय, आणि तुम्ही माझं अभिनंदन केलंत. मीही ते घेतलं. आणखी एक रविवार गेला. ताई मांडीवर हेडफोन घेऊन बसायची आणि मला काहीच बोलायची नाही. तिनं एकदा तरी ओरडायला हवं होतं. न ओरडणारी बायको सोसणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. आपण तुमचा प्रोसेसर नासवला आणि हिची रविवारची दुपार कायमची घालवली, अशी मला खात्रीच पटली.

शेवटी सगळा संसार पिशवीत भरून चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेलो. सगळी हकिगत प्रामाणिकपणे सांगितली. दुसऱ्या हातासाठी प्रायमर कुठला वापरू, हेही विचारलं. त्यांनी प्रोसेसर उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "काका, हे वाळत नाही. वाळायचंच नसतं."

ती पेस्ट भिंत गुळगुळीत करायला नसते, आतली उष्णता पंख्याकडे पोचवायला असते, हे त्यांनी समजावलं. त्यांनी माझा तो सुरेख हात पुसून टाकला (तेवढं मात्र मला बघवलं नाही), वाटाण्याएवढा ठिपका ठेवला आणि पंखा दाबून बसवला. झालं! घासल्यामुळे काही बिघडलं का, असं घाबरत विचारलं, तर म्हणाल्या की पंखा अधिक नीट टेकावा म्हणून काही वेडे लोक मुद्दाम घासतात. माझी भरती त्यांच्यात आपोआप झाली. कामाचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. एवढं हसायला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं म्हणे. त्यांच्या दुकानाचं शटर मी पुढच्या आठवड्यात रंगवून देणार आहे.

गेल्या रविवारचं तुम्हाला ठाऊकच आहे. ताईचा ट्रक घाटात एकदाही अडला नाही. तुम्ही इंडिकेटर न देता वळलात म्हणून तिनं तुम्हाला जे झापलं ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. मग ती हसली. मेहुणेबुवा, मला नीट आभार मानता येत नाहीत, तेव्हा सरळच लिहितो. घरात पुन्हा आवाज आला, तो तुमच्यामुळे. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

पाठीला जपा. अधूनमधून उठून चालत जा.

आपला,
भाऊजी

ता.क. पेस्ट पुन्हा पाठवू नये. एका ट्यूबमध्ये बरीच यंत्रं होतात असं कळलं. आमच्या एकातच ती संपली.

ता.क. दुसरा. खरं तर एक विचारायचं होतं, ते वर कुठं बसेना. त्या खेळात तिसऱ्या माणसाला जागा असते का? मला गाडी चालवता येत नाही, पण माल चढवणं-उतरवणं, गाड्या धुणं असलं काही असेल तर रविवारी मी मोकळाच असतो. ताईला सांगू नका. ती म्हणेल, या वयात ट्रक-ट्रक काय खेळायचं.

ता.क. तिसरा. ही मी, ताई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता, म्हणून वाचलं. यांना काही बोलू नकोस. रविवारी आपणहून बोलावतोयस असं दाखव आणि बोलाव. बघायला येत नाही म्हणतात, पण खेळ सुरू झाला की माझ्याच खुर्चीमागच्या भिंतीत यांना तडे दिसायला लागतात. खेळातल्या आपल्या डेपोत तो एकच ट्रक पांढरा का ठेवलाय, म्हणून तू मला सारखं विचारायचास ना? तो यांचा आहे रे. रंग ते देतील.