गोधडीचं दुसरं टोक

बिबवेवाडी, ९ सप्टेंबर २०२५

चि. स्वराली हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून हा कागद. तुझी लॅब पाषाणला, म्हणजे याच पुण्यात, तरी किती रविवार तू फिरकली नाहीस. वेळेवर जेवतेस ना? माशांच्या पाण्यात सारखे हात घालू नकोस, सर्दी होईल.

नवरात्राआधी सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा तुझ्या आजीचा नेम. ती गेली, या वर्षी घट नाहीत, पण धुणं चुकवणार नाही. रविवारी तिची मोठी गोधडी काढतो. घडीला दुसरं टोक धरायला ये. एकट्याने होत नाही.

वाट बघणारा,
आजोबा

पाषाण, १२ सप्टेंबर २०२५

ती. आजोबांना सा. न.

जेवते, आणि सर्दी नाही. मासे करंगळीएवढेसुद्धा नाहीत.

रविवारी जमणार नाही, रागावू नका. माशाचं अंडं काचेसारखं असतं. दुसऱ्याच दिवशी आत हृदय धडधडू लागतं, ते तेव्हाच बघावं लागतं. हृदय घडताना पेशींत प्रथिनांचे लांब धागे तयार होतात. त्यांची नीट घडी पडली तरच ते कामाचे. घडी पडेपर्यंत धरून ठेवणारी मदतनीस प्रथिनं असतात. तुम्ही आणि आजी दोन टोकं धरून चादरीची घडी घालायचात, ते आठवा. पाणी जास्त तापलं की पेशीवर ताण येतो, मदतनीस अपुरे पडतात, गुंता होतो आणि हृदय वाकडं वाढतं. मदतनीस वाढवले तर ते सावरतं का, हे मी शोधते आहे.

जमेल तेव्हा येईन. एकटे ओढाओढ करू नका.

तुमची,
स्वराली

बिबवेवाडी, १६ सप्टेंबर २०२५

चि. स्वरालीस आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. सातवी शिकलेल्याला जेवढं कळायचं तेवढं कळलं. पिल्लांना चटका बसत नाही ना, एवढं कळव.

तू नको म्हणालीस तरी धुतलेल्या गोधडीची घडी घालायला मी तिचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. ओढताना कोपऱ्यातली आजीची शिवण उसवली. गज धरून ठेवतो, पण चालत जवळ येत नाही. ती यायची, कोपरे माझ्या हातात द्यायची आणि पुढच्या चादरीकडे वळायची. कोपरे जुळले नाहीत तर म्हणायची की एवढा संसार झाला, अजून माणसाला चार कोपरे सापडत नाहीत.

तू घाई करू नकोस. आधी ती हृदयं बघ. गोधडी मी घडी न घालता पलंगावर तशीच पसरली आहे. अर्ध्या भागावर मी निजतो.

कधीतरी आठवण काढ.
आजोबा