जड हाडांची गोष्ट

डेट्रॉइट, ३ मे १९९९

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पीचचा मुरांबा पोचला. एक बरणी तुझ्या जावयाने उभ्या उभ्याच संपवली, त्याला तूच काय ते सुनाव.

आता मुद्द्याचं. किआराच्या शाळेत पोहायला शिकवतायत. सगळी पोरं पाण्यात आणि आपली ठकी काठावर! बाईंना ठणकावून सांगितलं म्हणे, आमच्या माणसांची हाडं जड असतात, आम्ही बुडतो, आजी म्हणते. मला हसू येईना गं. मी तीस वर्षांची घोडी, मीही तेच धरून बसलेय. महिनाअखेरीपर्यंत उतरली नाही, तर पोहण्याच्या वर्गातून नाव काढणार. घरापासून नदी हाकेच्या अंतरावर, जिवाला घोर लागतो. ती ऐकेल तर तुझंच. खरं काय ते लिही.

तब्येतीची हेळसांड करू नकोस.
तुझी व्हर्नेल

पाइनफोर्ड, अलाबामा, १० मे

चि. व्हर्नेल हीस अनेक आशीर्वाद.

हाडंबिडं काही जड नसतात. ते माझ्या आईनं रचलेलं. गावचा पोहण्याचा तलाव फक्त गोऱ्यांसाठी, आम्ही काळी पोरं बाहेरून जाळीला नाक लावून बघायचो. माझा धाकटा भाऊ ल्युशस एका उन्हाळ्यात नदीवर गेला, तो परत आलाच नाही. बारा वर्षांचा होता. पोहायला शिकवणार कोण आणि कुठे? तेव्हापासून आई आम्हाला हाडांचं सांगू लागली. तलावात का जायचं नाही, याचं खरं कारण लेकरांना सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

पुढे कोर्टानं तलाव सगळ्यांना खुला करायला लावला, तर त्यांनी माती टाकून बुजवला. आपल्यासोबत डुंबण्यापेक्षा स्वतःची पोरं कोरडी ठेवली मेल्यांनी! आणि मी? कायदे बदलले तरी माझी भीती गेली नाही. तुला तेच शिकवलं. चुकले.

किआराला वाचून दाखव. आजी खोटं बोलली, बाळा. उतर पाण्यात. फक्त केसांवर टोपी घाल, तासभर बसून वेण्या घालते तुझी आई.

तुम्हा सगळ्यांना पोटाशी धरते.
आई

डेट्रॉइट, २६ मे

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझा आधी खूप राग आला. मग ल्युशस आजोबांसाठी रडू आलं. गेले तेव्हा ते माझ्या आत्ताच्या वयाहून तीनच वर्षांनी मोठे होते.

आजी, मी तरंगले! बाईंनी पाठीखालचा हात कधी काढला कळलंच नाही. नाकात पाणी गेलं ते वेगळं. आई काठावर सगळ्यांसमोर रडत होती, मला इतकी लाज वाटली! मग तिनं बाईंना हळूच विचारलं, मोठ्यांना कधी शिकवता. मंगळवारी शिकवतात. काल मी तिच्यासोबत गेले होते. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बडबडत होती, नुसती बडबडत होती. माझा हात एवढा घट्ट धरला की बोटं अजून दुखतायत.

तू जुलैत येशील तेव्हा मी तुलाही धरीन. दोन हात आहेत मला.

तुझी लाडकी,
किआरा