लाल गाडीचे जास्तीचे किलोमीटर

धाराशिव,
४ मार्च २०२५

ति. बलभीमदादास,
दीपालीचा शि. सा. नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे एक बरंच झालं. मोबाईलवर लिहिलं असतं तर ते ह्यांच्या नजरेला पडलं असतं. गुडघ्याला तेल लावता का? वहिनींना विचारलं म्हणून सांगा.

मनात आहे ते लिहिते. तुम्ही चार वर्षांपूर्वी ह्यांना ती लाल गाडी घेऊन दिली, तेव्हा मी म्हणाले होते, ही पोराठोरांची गाडी, एवढी ओरडणारी. तिचा मीटर आता दोन लाख चाळीस हजारांवर गेलाय. ह्यांची कचेरी भूमला. जाऊन येऊन दीडशे किलोमीटर व्हायला हवेत. मी गेला महिना रोज संध्याकाळी मीटर बघितला. रोज साडेतीनशेच्या वर. विचारलं तर म्हणाले, शिवारात फिरावं लागतं. कचेरीला सरकारी जीप असताना?

दुसरं, ड्रायव्हरच्या सीटखाली बसायला घ्यायची जाड उशी असते. ह्यांचं डोकं छताला लागेल इतकी जाड. आणि गाडीत कसलातरी गोड, दुधाळ वास येतो. हे दर शनिवारी पायपुसणी धुतात. घरात ताट न उचलणारा माणूस!

दादा, कुणीतरी बाई आहे. सर्व्हिसिंगला गाडी तुमच्याच गॅरेजात येते. जरा नीट बघा आणि खरं ते कळवा.

तुमची,
दीपाली

तेरखेडा,
११ मार्च २०२५

चि. सौ. दीपाली हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा जागेवर हाय, तेलाचं सोंग चालू हाय. तुझी वहिनी म्हणते, दीपाली लहानपणापासून दुसऱ्याच्या पिशव्या उघडून बघायची.

शुक्रवारी गाडी आली. म्या स्वतः उघडली. टायर झिजलेत, ब्रेक पार संपलेत, पण चारी चाकांचे सारखेच. म्हंजी दामटलीय, पण भान ठेवून. अमरसिंहराव चाळिसाच्या वेगाला शेवटचा गिअर टाकतात, गाडी कण्हते तरी त्यांना कळत न्हाय. तसं चालवून हे इंजिन काजळीनं भरलं असतं. हे आतून लख्ख हाय. या जातीची गाडी इंजिनच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या पुढं गेल्यावर जागी होते, आणि हिला रोज कुणीतरी तिथवर नेतं. ऑइल बरोबर खुणेवर. क्लच अजून पहिलाच. पळवणाऱ्याला गाडी कळते.

तेव्हा चालवणारे अमरसिंहराव न्हाईत. याच्या पुढं मला इचारू नकोस. मन शांत ठेव, दोन घास जास्त खा.

तुझा,
बलभीमदादा

धाराशिव,
१८ मार्च २०२५

ति. दादास,
शि. सा. नमस्कार.

पुढं विचारू नको म्हणता, म्हणजे पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. चालवणारा कोण ते लिहायचं सोडून क्लचचं कौतुक लिहिता. मला आता तुमचाही संशय येतो. तुम्ही दोघं मिळून मला खुळी समजता का?

काल ह्यांचा डबा परत आला तो घासून, पुसून. कचेरीतला शिपाई डबे घासतो का? मी रात्रभर जागी होते. दादा, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तुम्ही सांगितलं नाही तर मी ह्यांनाच विचारीन, आणि मग घरात काय राहील ते मला माहीत नाही.

दीपाली

तेरखेडा,
२१ मार्च २०२५

चि. दीपालीस,
आशीर्वाद.

म्या शब्द दिलाय, म्हणून नाव लिहीत न्हाय. पण तुझं घर मोडू देणार न्हाय. बुधवारी सकाळची एसटी धरून भूमला जा. स्टँडच्या मागं खव्याच्या भट्ट्या हाईत. दहाच्या आत पोच. भांडायला जाऊ नको, बघायला जा. अमरसिंहरावांना आधी काही बोलू नको.

जे दिसंल त्यात तुझाही वाटा हाय. राग माझ्यावर काढ, म्या लांब हाय.

दादा

धाराशिव,
३० मार्च २०२५, पाडवा

ति. दादास,
दीपालीचा साष्टांग नमस्कार.

मी भूमला गेले होते. गाडी भट्टीपुढं उभी होती. मागची सीट पाडून खव्याचे गोळे ओल्या फडक्यांत रचलेले. एक बाई उकिडवी बसून चाकातली हवा बघत होती. वळली तर आमची अयोध्या. ह्यांची धाकटी बहीण. तीन वर्षांनी बघितली.

तुम्हाला अर्धंच ठाऊक असेल. ती नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडं आली होती. तिच्या मनगटावरचे काळे-निळे वळ मी बघितले होते. तरी मीच म्हणाले, चार दिवस राहा, मग आपल्या घरी जा, लोक काय म्हणतील. ती त्याच दिवशी गेली. कुठं गेली ते मी ह्यांना कधी विचारलं नाही, आणि ह्यांनीही सांगितलं नाही.

हे कचेरीत गेले की गाडी ती घेते. दहाला निघून बाराच्या आत सोलापूरच्या चार दुकानांत खवा पोचवायचा, उन्हात उशीर झाला की आंबतो. पाचला गाडी परत ह्यांच्या कचेरीच्या दारात. ह्यांच्या डब्यातला अर्धा भाग तिच्यासाठी ठेवलेला असतो, ती खाऊन डबा घासून देते. मला बघून ती एवढंच म्हणाली, "माझ्या दादाचा दोष नाही, मीच शपथ घातली होती." मग घड्याळ बघितलं आणि डावीकडचं दार उघडलं.

मी बसले. बार्शीच्या पुढं टँकर ओलांडताना तिनं गिअर खाली टाकला, काटा सहा हजारांवर गेला आणि तो आवाज माझ्या छातीत घुसला. मी डोळे मिटले. पण गाव आलं, शाळा आली, की ती बैलगाडीसारखी हळू व्हायची. सोलापुरात खवा उतरवल्यावर मीच म्हणाले की तुझं मनगट मला दिसलं होतं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, वहिनी."

मी रडले. ती रडली नाही. पाणी दिलं आणि परत निघालो.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, तुला सांगायची भीती वाटायची. दादा, एकोणीस वर्षांत माझ्यावर कुणी एवढा मोठा आरोप केला नव्हता.

आज पाडव्याला तिला बोलावलं. हे आणायला गेले, येताना गाडी तिनंच चालवली. पुरणपोळी केली होती. दोन खाल्ल्या, तुपाचं कौतुक केलं. मी मुक्कामाला राहा म्हणाले, तर बघू म्हणाली. पण दादा, पूर्ण जेवण होईपर्यंत गाडीची किल्ली तिच्या डाव्या मुठीत होती. मी ठेव म्हणाले नाही.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नका, मी ती सध्या मोजून वापरतेय.

तुमची,
दीपाली