शेठच्या पोटाचा घेर

प्रिय चिमणे,

हे पत्र जेवताना वाचू नकोस. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर बाबांनी जेवण बिघडवलं म्हणून माझ्याच नावानं शंख करशील.

नोकरीच्या गावी जाताना तू काळीला आमच्या गळ्यात बांधून गेलीस, तेव्हा कुत्रं दुकानाच्या पायरीवर, आत नाही, असं मीच ठणकावलं होतं. आता तिची चार पिल्लं माझ्या शिलाई मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात लोळतात. पायडल मारायचं तर आधी वाकून खाली बघावं लागतं. गिऱ्हाईक आलं की माप राहतं बाजूला, आधी पिल्लांची विचारपूस. आई म्हणते, दुकान नक्की कुणाचं तेच कळेनासं झालंय.

त्यातला तपकिरी, तो आमचा शेठ. काय पोट होतं गं त्याचं, चालताना डुलायचं. मी पडलो शिंपी, वजनबिजन आपल्याला कळत नाही. रोज टेप घ्यायचा आणि त्याच्या पोटाचा घेर मोजायचा. घेर वाढला की माझीच छाती फुगायची. बाकीची तिघं शिडशिडीत, म्हणून काळी पाजायला आडवी झाली की शेठला उचलून बाजूला ठेवायचो आणि त्यांना आधी लावायचो. म्हटलं, याचं भागलंय. आई एकदा म्हणालीही, पोट मोठं असलं तरी पाठीची हाडं हाताला लागतात. मी म्हटलं, मापाचं मला सांगू नकोस.

मग तो मरगळला. ओकला, आणि त्यात जाड पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी पडलं. ते हललं. जन्म दोऱ्यात गेला माझा, पण हलणारा दोरा कधी पाहिला नव्हता. शेठला पिशवीत घातलं आणि डॉक्टरबाईंकडे पळत सुटलो. आई बाकीच्यांना टोपलीत घेऊन मागोमाग. बाईंनी वजन विचारलं, मी घेर सांगितला, तोही इंचात. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. काट्यावर ठेवलं तर आमचा शेठ चौघांत सगळ्यात हलका.

पोट दुधानं नाही, जंतांनी फुगलं होतं. कुत्रीच्या पोटात असतानाच जंत पिल्लांना लागतात, दुधातूनही जातात, म्हणून औषध काळीलाही. ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे द्यायचं आणि पंधरवड्यानं पुन्हा. बाकीच्यांची चिंता नाही, पण हा फार अशक्त आहे, जंत पडताना तग धरतो का बघू, असं बाई म्हणाल्या. मी त्याचं दूध तोडलं होतं गं.

सुई काढलेल्या सिरिंजनं औषध पाजलं. तिघांनी मुकाट्यानं घेतलं, काळीनं आधी माझ्या शर्टावर उडवलं. शेठला बनियनच्या आत छातीशी धरून बसलो, दुकान बंद ठेवून. जंत किती पडले ते लिहीत नाही, दोऱ्याचं रीळ भरलं असतं एवढं समज. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून खाली उतरला, भावंडांना ढुसण्या देत काळीला जाऊन लुचू लागला. मला रडू आलं. आईनं पाहिलं, पण टोमणा मारला नाही. ती आता वेगळ्याच कामात आहे. जंतांची अंडी मातीत राहतात, माणसालाही बाधतात असं ऐकल्यापासून घाण पडली रे पडली की उचलायला लावते आणि कोपरापर्यंत साबण लावल्याशिवाय मला कापडाला शिवू देत नाही.

एवढं पाल्हाळ कशाला, तर तुझी मैत्रीण रविवारी शेठला न्यायला येणार आहे. फोटोतलं पोट पाहूनच तिनं तो पसंत केला. शब्द मीच दिलाय, मला मोडता येत नाही. म्हणून हा शेवटचा भाग सोडून बाकीचं पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. हलणाऱ्या दोऱ्यापाशी जरा सावकाश. सगळं ऐकूनही तिला तोच हवा असेल, तर ती त्याला नीट सांभाळेल. मग मी मुकाट्यानं देईन. पण चिमणे, वाचताना तुला तोंड थोडं वाकडं करता आलं तर बघ.

तुझाच,
शेठला मांडीवर घेऊन बसलेला बाबा