पाहुण्याला हुकूम

प्रिय जाहिद,

घरी आपण हिंदीत भांडतो. हे मात्र मराठीत लिहितेय, कारण हिंदीत मी लवकर विरघळते.

मूल गावाहून माझ्या शाळेत तू रोबोटचा पुठ्ठ्याचा मुखवटा घेऊन आलास, तेव्हाच मला हसू फुटलं होतं. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन साहेब संगणकासारखा विचार करायला शिकवणार, आणि समोर माझी दुसरीतली पोरं, तलावावर मासे धरणाऱ्यांची. सर नको, भाऊ म्हणा, असं सांगून केवढा साधेपणा दाखवलास. मग म्हणालास, मी रोबोट, हुकूम करा, दारापासून माठापर्यंत चालवा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अरे शहाण्या, एक तर भाऊ म्हणवून घेतलंस, त्यात पाहुणा. तुला ती हुकूम सोडतील? शेवटी गिरजा उठली. बराच विचार करून म्हणाली, "भाऊ, तुमी थकले असान. बसा, पानी प्या." तू मुखवट्याआडून खदाखदा हसलास. "रोबोट थकत नाई, पागल." तिचे भरून आलेले डोळेही कोपऱ्यात चालू ठेवलेल्या तुझ्या मोबाइलनं टिपले.

दुसऱ्या दिवशी मी अश्वजितला रोबोट केलं. तो त्यांच्यातलाच, म्हणून पोरांनी बेधडक हुकूम सोडले. तो भिंतीवर आपटला तेव्हा कुठला हुकूम चुकला ते शोधलं, बदलला, आणि त्याला माठापर्यंत नेलं. तुझ्या प्रशिक्षणाच्या पुस्तकातलं सगळं झालं, मुखवट्यावाचून. गिरजा तेवढी नव्हती. ती अजूनही येत नाही. घरी गेले तर दाराआड लपली. तिची आई म्हणाली, "बाई, पोरगी म्हणते, मले काईच येत नाई."

आणि काल तुझा फोन. गिरजाचा व्हिडिओ तुझ्या संस्थेच्या नागपूरच्या बैठकीत 'आधी' म्हणून दाखवायचाय, आणि अश्वजितचा, जो मी तुझं नाक खाली व्हावं म्हणून पाठवला होता, तो 'नंतर' म्हणून. वर्गशिक्षिका म्हणून मी हो म्हटलं की तुझी नोकरी पक्की. अब्बा गेल्यावर तुला मी शिकवलं, आणि आज मला तुझी शरम वाटते. माझं उत्तर नाही. तो व्हिडिओ पुसून टाक, गिरजाच्या घरी जा आणि चूक तुझी होती असं तिला सांग. नोकरी गेली तर माझ्याकडे ये, मी जेवायला वाढीन. पण ती शाळेत येईपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही.

तुझीच, आणि त्याचाच त्रास होतो,
रशिदा आपा